ओहोटी लागली की कळ उतरते

आमच्या दांडी गावात सगळं भरतीओहोटीवर चालायचं, हे मला मान्य आहे. होडी कधी लोटायची, जाळं कधी ओढायचं, हे ठरवायला दुसरं घड्याळ लागत नसे. पण माणसाच्या पोटातली कळसुद्धा भरतीला चढते आणि ओहोटीला उतरते, असं ज्याने पहिल्यांदा सांगितलं तो मला एकदा भेटायला हवा होता. मी त्याची चांगली हजेरी घेतली असती.

आमच्या घरात हे सांगणारे माझे थोरले काका. वडिलांचे मोठे भाऊ आणि होडीचे तांडेल. समुद्रावर त्यांचा शब्द शेवटचा, आणि होडी किनाऱ्याला लागली तरी तो शेवटचाच राहायचा. वडील त्यांच्यापुढे तोंड उघडत नसत. आदल्या वर्षी वडिलांना मुतखडा झाला होता. कमरेतून निघालेली कळ जांघेपर्यंत जायची आणि एवढा दांडगा माणूस जमिनीवर लोळायचा. तेव्हा घरात केवढी धावपळ! शहाळी आली, कुळथाचं कढण शिजलं, काका उशाशी बसून राहिले. ओहोटी लागली तशी कळ थांबली आणि दुसऱ्या दिवशी खडा पडला. काकांनी तो काड्यापेटीत घालून ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवला. तेव्हापासून काका स्वतःला मुतखड्याचे वैद्य समजू लागले.

आई बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. त्या वर्षांत तारापूरकडे मोठं बांधकाम सुरू झालं होतं, कुठकुठले मजूर आले होते, त्यामुळे बाजार फुगला होता. पहाटे डोक्यावर पाटी घेऊन निघालेली आई दुपार उलटून जाईपर्यंत तिथेच बसून असे. आणि तेवढ्या वेळात पाण्याचा घोट घेत नसे. का, तर बाईमाणसाला आडोशाला जायला जागाच नव्हती. पुरुष दिसेल त्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. बायका मात्र घशाला कोरड पडली तरी नुसते ओठ ओले करून पाटीवरच्या माश्या हाकलत बसायच्या. लोक कौतुकाने म्हणायचे, आमच्या बाया किती कष्टाळू, जागच्या हलत नाहीत. अरे, हलतील कशा?

माझं लग्न होऊन मी शेजारच्या पाम गावी गेले होते. सासर हाकेच्या अंतरावर, म्हणून बोंबील सुकवायच्या दिवसांत मी माहेरी हाताखाली यायचे. अशीच एका सकाळी आले, तर आई अंगणात बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडीखाली वाकून बसलेली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताने बांबू घट्ट धरलेला. तोंडातून आवाज नाही, पण चेहरा पांढरा पडला होता. मग तिला उलटी झाली.

काका आले, त्यांनी आईकडे एकदा पाहिलं आणि मग समुद्राकडे पाहिलं.

"मुतखडाच हाय. आता भरती हाय, म्हनून कळ चढलीय. ओहोटी लागू दे, उतरंल."

"काका, डॉक्टरकडं नेऊ या," मी म्हटलं.

"तुज्या बापसाला लागला व्हता का डॉक्टर? कुळीथ शिजव."

मी कुळीथ शिजवला. आई कढण प्यायली आणि तिने सगळं ओकून टाकलं. शहाळं मात्र या वेळी कोणाला आठवलं नाही, आणि उशाशीही कोणी बसलं नाही.

दुपारी ओहोटी लागली आणि कळ खरोखरच उतरली. मुतखड्याची कळ अशीच चढते-उतरते, त्याचा समुद्राशी काडीचा संबंध नाही, हे मला पुढे कळलं. काकांना मात्र तेवढंच हवं होतं. "बग! काय बोल्लो व्हतो?" असं म्हणून ते होडीकडे गेले. त्यांच्यामागून वडील गेले.

मी आईच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला. भर उन्हात तिचे दात वाजत होते. दोन गोधड्या घातल्या तरी हुडहुडी थांबेना. मी तशीच धावत किनाऱ्यावर गेले आणि काकांना सांगितलं.

"ताप आलाय? मग तो हिवताप," काका हातातलं काम न सोडता म्हणाले. "मुतखड्यानं ताप नाय येत. उद्या काढा देऊ."

एका बाईच्या दुखण्याचे त्यांनी उभ्या उभ्या दोन तुकडे केले, आणि दोन्ही तुकड्यांना डॉक्टरची गरज नाही असं ठरवूनही टाकलं. घरी येऊन मी आईला विचारलं, "आये, सकाळपासून लघवीला गेलीस का?"

"नाय गो. झालीच नाय." मग माझी समजूत घालावी तसं ती म्हणाली, "सवय हाय मना."

सवय! हे ऐकल्यावर मात्र मी कोणाला विचारत बसले नाही. शेजारच्या बायकांना हाक मारली, आईला खाटेवर घातलं आणि आम्ही खाट उचलून रस्त्यावर आणली. बांधकामावर खडी टाकून बोईसरला परतणारा रिकामा ट्रक मी हात करून थांबवला. ड्रायव्हरने खाली उतरून पाहिलं आणि "जल्दी चढ़ाओ माँजी को" म्हणत स्वतः खाटेला हात लावला.

तेवढ्यात काका धावत आले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना घाई झाली होती.

"परक्याच्या ट्रकात घालून नेतेस? लोकं काय बोलतील?"

"बोलू दे," मी म्हटलं. "आये मेली तर रडायलाबी तेच येतील."

वडील काकांच्या मागे उभे होते. ते काकांना वळसा घालून ट्रकमध्ये चढले.

बोईसरहून आगगाडीने आम्ही पालघर गाठलं. डॉक्टरांनी आईला तपासलं, सुई टोचली आणि मग आमच्याकडे वळले.

"नुसती कळ असेल, पाणी पोटात टिकत असेल, लघवी होत असेल, तर औषध देऊन खडा पडायची वाट बघता येते," ते म्हणाले. "पण कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी बंद झाली, किंवा उलट्या थांबेनात, तर एक क्षणही घरी बसायचं नाही. कळ थांबली म्हणजे खडा पडला असं समजू नका. इतका वेळ कशाची वाट बघत होतात?"

वडिलांनी मान खाली घातली. "ओहोटीची," ते म्हणाले.

डॉक्टरांनी आम्हाला तसंच पुढे मुंबईला पाठवलं. तिथे आईचं ऑपरेशन झालं. एक मूत्रपिंड पू होऊन सडलं होतं, ते काढून टाकावं लागलं. आई वाचली. आणि काका गावभर सांगत सुटले, "ओहोटीलाच निघाली, म्हनून वाचली." आजही हे आठवलं की माझ्या अंगाची आग होते.

मुंबईहून निघताना तिथल्या डॉक्टरांनी आईला बजावलं, राहिलेलं मूत्रपिंड जपायचं असेल तर दिवसभर भरपूर पाणी प्यायचं. आईने मान डोलावली आणि विचारलं, "पिईन. पन बाजारात जाऊ कुठं?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मग एवढ्या शिकलेल्या माणसाने कागदावर 'भरपूर पाणी' एवढंच लिहून दिलं.

आई पुन्हा बाजारात बसायला लागली, त्याच्या आदल्या दिवशी मी काकांच्या माळ्यावर चढले. होडीला इंजिन बसल्यापासून तिथे जुनं शीड गुंडाळून पडलेलं होतं. मी ते खाली ओढलं आणि कोयत्याने फाडायला घेतलं.

"अगो, होडीचं शीड हाय ते!" काका ओरडले.

"तुमाला आता इंजिन हाय," मी म्हटलं. "आयेचं मूत्रपिंड एक गेलं, एकच राहिलंय."

बाजाराच्या मागच्या बाजूला आम्ही बायकांनी चार बांबू रोवून ते शीड चारी बाजूंनी बांधलं आणि आमच्यासाठी आडोसा केला. आई आत जाऊन आली, पदर सारखा केला आणि पाटीमागे बसली. मग भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, तिने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला.