कडुलिंबाखालचा देव माझा

नवागामला खाडीलगत आमच्या भाऊंच्या नावाची बाग आहे. भाऊ म्हणजे लूम कामगारांच्या युनियनचे पुढारी. खाडीत रंगाचं पाणी सोडणाऱ्या कारखान्यांशी ते जन्मभर भांडले. देवाधर्माचं त्यांना वावडं. दगडाला हात जोडताना कुणी दिसला, की त्याची अशी टर उडवायचे की तो बिचारा पुन्हा चहाला फिरकत नसे. मी त्यांचा चेला. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं पाप नीट कळेल.

भाऊ गेल्यावर बागेला नाव मिळालं. पाटी लावायची ठरली, तेव्हा बागेच्या कमिटीच्या लक्षात आलं की कडुलिंबामुळे ती रस्त्यावरून दिसणार नाही. मग झाडच काढायचं ठरलं. भाऊंच्या पाटीसाठी झाड! सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. मी बैठकीत बोलत नाही. लूमच्या खडखडाटात उमर गेली, तोंड उघडायची सवयच राहिली नाही.

त्या रात्री जेवण गेलं नाही. पहाटे फिरायला म्हणून निघालो, बांधकामावरचा एक गोल दगड उचलला, तेल-शेंदूर फासला आणि बुंध्याशी ठेवून दिला.

झाड तोडणारे आले, त्यांनी चपला काढल्या, पाया पडले आणि कुऱ्हाडी घेऊन परत गेले. पाटी फाटकाकडे सरकली. मनात भाऊंची माफी मागितली. पण हसूही येत होतं, लपवत नाही.

देव मात्र वाढीला लागला. शनिवारी नारळ, तेल, रुईच्या माळा. आमची ही तर नवस बोलून आली, माझा घुमेपणा जावा म्हणून. पुढे भक्तांनी पत्र्याचं देऊळ बांधायचं काढलं. त्याला कडुलिंब आडवा येत होता.

पाटीच्या समारंभाला भाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, आल्या होत्या. त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. भाऊ असते तर त्यांनी तुला बागेत पाऊल ठेवू दिलं नसतं, असं म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत, तर हसत होत्या. मग घरच्या अहिराणीत म्हणाल्या,

“देव तूच लई उना ना? मंग त्याना मनमा काय शे, ते बी तूच सांग.” देव मीच घेऊन आलो, तर त्याच्या मनातलंही मीच सांगायचं!

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. देव स्वप्नात आला होता, म्हणालो. त्याला छप्पर नको, झाडाची सावलीच हवी. कुणी शंकासुद्धा घेतली नाही. जो माणूस कधी बोलतच नाही तो खोटं कशाला बोलेल, असं अध्यक्ष म्हणाले.

झाड उभं आहे. पण लोक आता देवाचं मन मला विचारायला लागलेत. शेजारी मुलीच्या लग्नाचं विचारायला आला, तर सांगितलं, देव म्हणतो बागेत दोन झाडं लाव, मग बघू. त्यानं लावली.

मुलीचं जमलंसुद्धा, हीच खरी पंचाईत आहे.