आई शिडीवर, मी शिडी धरून

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही, असं आईने बजावलंय. "लोकांच्या घरात आपण वर बघायचं, खाली न्हाय." पण शिडी धरून तासभर गप्प उभं राहिलं की खालचंच जास्त दिसतं. पडद्याच्या घडीत धूळ साठते, तसे किस्से साठत जातात. कधीतरी झटकायला नकोत?

आधी काम सांगते. सोलापुरात हल्ली बंगल्याच्या मागे काचेची खोली काढतात. छतही काचेचं. मार्चमध्ये कळतं, की आत माणूस भाजतो. मग छताला आतून ब्लाइंड्स, म्हणजे घड्यांचे पडदे लावतात आणि वर्षभर बंद ठेवतात. हौसेने ऊन घरात आणायचं, मग झाकायचं! ते पडदे काढून धुणं, परत बसवणं हे बाबांचं काम. बाबांचा गुडघा गेला आणि आई शिडीवर चढली. बाबा म्हणाले, "मेपर्यंत बघू. बोलावणी न्हाय आली तर शिडी विकू." मग आईला परत भवानी पेठेत शिलाईला जावं लागणार होतं. दिवसभर मान खाली. आईला ते नको होतं.

*

पहिल्या घरच्या वहिनींनी आमची वाट न बघता पडदा धुऊन इस्त्रीला दिला होता. इस्त्रीवाला कामाचा पक्का. त्याने एकेक घडी मोडून काढली. पडदा लावला, तर छत झाकून भिंतीवरून थेट सोफ्यावर आला.

वहिनींनी विचारलं, "परत धुतला तर आटेल का हो?"

*

दुसऱ्या घरी पडदा सरकतच नव्हता. आजोबांनी वरच्या पट्टीत शेंगदाण्याचं तेल सोडलेलं. त्यावर धूळ बसली, मग मुंग्या लागल्या. पट्टी कोरड्या ब्रशने झाडायची, तेल घालायचं नाही, हे आईने समजावलं. आजोबांना काही पटलं नाही.

"तेल चांगलंच हाय. मुंग्या बघा की, कशा सरकत्यात."

*

तिसऱ्या घरचे पडदे धुऊन परत बसवायला गेलो, तर काचेच्या खोलीभर कुरडया आणि पापड. काकूंनी दारातच अडवलं. कावळा नाही, धूळ नाही, दोन दिवसांत कडकडीत वाळतंय म्हणाल्या. "पडदे राहू द्या तुमच्याकडेच, चैत्र संपेपर्यंत."

तीन आठवडे आम्ही त्यांच्या पडद्यांना वळसा घालून जेवायला बसत होतो.

*

मे उजाडला तरी नवीन बोलावणं नाही. फोनवर लोक विचारायचे, बाई चढणार? आणि फोन ठेवून द्यायचे. बाबांनी विकायला म्हणून शिडीचा फोटोसुद्धा काढला.

तेवढ्यात होटगी रोडच्या एका बंगल्यातून दुसऱ्याच काकूंचा फोन आला. मोठं छत, चोवीस पडदे. त्यांचे मिस्टर निवृत्त इंजिनिअर. आईला बघून म्हणाले, हे बायकांचं काम नाही, मी दाखवतो. आणि स्वतःच चढले. सहाव्या पायरीवर त्यांनी खाली पाहिलं. मग ते हललेच नाहीत.

काकूंनी विचारलं, "घाबरलात का?"

"नाही. वरून निरीक्षण करतोय."

काकू आत गेल्या आणि ओलं फडकं घेऊन आल्या. "निरीक्षण होईपर्यंत तेवढा पंखा पुसून घ्या."

शेवटी आई त्यांच्या मागून चढली. डावा पाय खाली, आता उजवा, असं लहान मुलासारखं सांगत तिने त्यांना उतरवलं. परत चढली आणि चोवीस पडदे काढले. काका तोवर पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

काकूंनी तिथूनच भिशीतल्या मैत्रिणींना फोन लावला. "अगं, बाई आहे. पडदे तर धुतेच, अडकलेले नवरेही उतरवून देते."

संध्याकाळपर्यंत बाबांना सात फोन. एका ताईंनी तर विचारलं, आमच्या ह्यांना आधीच चढवून ठेवू, की तुमची माणसं आल्यावर? बाबा एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, "ताई, त्याचं असं हाय, की—"

थांबा, आई हाक मारतेय. "अगं, कुटं बसलीस? शिडी धरायला ये की!"