एक सूत कमी

ट्रेवन पिकेन्सचा उजवा हात अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत आठ इंच सात सूत, म्हणजे नऊ इंचांना एक सूत कमी भरला, आणि अख्ख्या कॉटर गावानं तोंडं पाडली. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांना क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा गडी, निदान नऊ इंचांच्या वितीचा लागतो. का? तर म्हणे पावसात ओला चेंडू लहान हातातून निसटतो. हे ठरवणाऱ्यांनी जन्मात ओली मासळीसुद्धा धरली नसावी!

वास्तविक ट्रेवनच्या हातून काही निसटलेलं अलाबामात कुणी पाहिलं नव्हतं. सात वर्षांचा असताना हा पठ्ठ्या झाडाखालची अक्रोडासारखी पेकानची फळं वेचून चर्चच्या घंटेवर नेम धरायचा. एका रविवारी ऐन प्रवचनात टण्णकन आवाज झाला आणि पाद्रीबुवा ‘देवाची खूण, देवाची खूण’ म्हणत ढसाढसा रडले. खूण कुणाची ते फक्त ऑर्गन वाजवणाऱ्या ओडेसा मावशीनं ओळखलं. आई गेल्यापासून तिनंच त्याला वाढवलं होतं. तिनं कान धरून त्याला घरी नेलं, आणि संध्याकाळी एक चेंडू आणून दिला.

“हा फेक. पण देवाच्या घरावर नको, मेल्या.”

पूर्ण मापाचा चेंडू त्या मुठीत मावेना. मग त्यानं आपली आपणच पकड शोधली, शिवणीवर दोन बोटं आणि अंगठा पार खाली. शाळेतल्या प्रशिक्षकानं ती मोडायचा चार दिवस प्रयत्न केला, पाचव्या दिवशी हात जोडले. कॉलेजात तीन वर्षं बाकावर बसून ट्रेवननं सगळ्यांच्या नकला केल्या. चौथ्या वर्षी पहिल्या गड्याचा गुडघा गेला, हा उतरला आणि त्यानं अकरापैकी नऊ सामने जिंकून दिले. पण नशीब बघा, साऱ्या हंगामात पावसाचा एक थेंब नाही. जानेवारीत संघांच्या माणसांनी त्याचा हात मोजला तो हा असा.

आता मार्चमध्ये कॉलेजच्या मैदानावर पुन्हा मोजणी होती. दीड महिन्यात एक सूत वाढवायचं होतं, नाहीतर फुटबॉल संपला. गावाला तर उपायांचा ऊतच आला. क्लेटस न्हावी म्हणाला, “लोणच्याच्या पाण्यात हात बुडव.” पेट्रोलपंपावरच्या डॉटीनं एरंडेल तेल सुचवलं.

“लोकांचं ऐकशील तर आहे तो हातही घालवशील,” मावशी कडाडली. “माझ्याजवळ बस ऑर्गनवर. बोटं ताण!”

मावशीचा हात एका पट्टीवरून थेट दहाव्या पट्टीवर पोचायचा. लहानपणी पोरं तिला ‘फावडी’ म्हणायची, म्हणून ती भर ऑगस्टमध्येही हातमोजे घालायची. ऑर्गनवर ट्रेवनची बोटं ठणकायला लागली की ती म्हणायची, “माझे हात काढून देता आले असते ना, तर कधीच दिले असते रे.” ते ती अगदी मनापासून म्हणायची. मध्ये एका रविवारी ट्रेवननं दोन भजनं वाजवली. गावानं ती सहन केली, याहून जास्त काही सांगत नाही.

मोजणीला मावशी जांभळी टोपी घालून आली. एका व्यावसायिक संघाचे पारखी म्हणून आलेले हॅगर्टी मापाची फळी घेऊन उभे होते. ट्रेवननं पंजा असा पसरला की नखं पांढरी पडली.

“आठ इंच, सात सूत.”

दुसऱ्यांदा हात दाखवून अवलक्षण! हॅगर्टींनी वही मिटली. “पोरगा गुणी आहे हो, पण ओला चेंडू...”

मावशी उठली. बाजूला बर्फाच्या पाण्याचं भलंमोठं पिंप होतं. ते उचलून तिनं चेंडूंच्या पिशवीत उपडं केलं.

“मावशी! अहो, चेंडू!” कॉलेजचे प्रशिक्षक ओरडले.

“ओलेच हवेत ना यांना? ट्रेवन, फेक!”

एकोणीस ओले चेंडू मैदानात पळणाऱ्या गड्यांच्या हातात जाऊन पडले. विसाव्याला पोराच्या अंगात जुना घंटेवाला आला. झेल बघायला पलीकडे गेलेल्या हॅगर्टींच्या काखेतली वही त्यानं चाळीस यार्डांवरून अचूक उडवली. प्रशिक्षकांनी डोळेच मिटून घेतले. हॅगर्टींनी मात्र गवतातून वही उचलली, पुसली आणि पोट धरधरून हसले. मग मावशीकडे वळले.

“बाई, तुमचा हात बघू जरा?”

तिनं कुरकुरत हातमोजा काढला. दहा इंच दोन सूत! हॅगर्टींनी डोक्यावरची टोपी काढली. मावशी घरी परतली ती हातमोजे पर्समध्ये कोंबून.

कबूल मात्र हॅगर्टींनी काही केलं नव्हतं. एप्रिलच्या अखेरीला संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू उचलतात, तीन दिवस. पहिले दोन दिवस ट्रेवनचं नाव नाही. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, मावशीनं कॅटफिश तळला आणि निम्मं गाव दिवाणखान्यात टीव्हीपुढे बसलं. दुपार उलटली. शेवटची फेरी आली. सात नावं उरली. ट्रेवन मान खाली घालून मासा चिवडत होता, एवढ्यात फोन वाजला.

त्यानं झडप घातली, आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातून काहीतरी निसटलं. तेलकट बोटांतून फोन साबणासारखा सुटला, छताकडे उडाला आणि क्लेटस किंचाळला. मावशीनं बसल्या जागेवरून एका हातानं तो अलगद झेलला.

“हॅलो. हो, इथंच आहे. नाही हो हॅगर्टी, फोन निसटला. तुम्ही ओल्या चेंडूचं विचारलं होतंत, तळलेल्या माशाचं नाही!”

पलीकडून हसू ऐकू आलं, मग बोलणं. मावशी ऐकत राहिली. तिनं फोन ट्रेवनच्या मुठीत दिला आणि वरून आपली दोन्ही फावडी घट्ट आवळली.

“आता नीट धर, मेल्या,” ती रडत म्हणाली. “घेतलंय त्यांनी तुला.”