साच्यांची खंडेनवमी

केजच्या रस्त्यावरल्या सूतगिरणीत, सूत कातायच्या साच्यावर विजयमालानं वीस वर्षं काढली. हात चपळ अन् तोंड त्याहून चपळ. अशी बाई फसली, अन् तीही देवाच्या नावानं!

मालक विठ्ठलरावानं कंपनी बुडवली अन् हात वर केले. पोराच्या लग्नाचा मांडव मात्र एकरभर घातला, मेल्यानं! मग कंपनी विकून देणी भागवायला लिक्विडेटर साहेब आला. वकिलानं बायांना बजावलं, "थकलेल्या पगारापोटी विक्रीच्या पैशावर बँकेइतकाच तुमचाही हक्क आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत साचे हलू देऊ नका. एकदा गेले की तुम्हाला कुणी विचारणार नाही." विजयमालानं फाटकाला आपलं कुलूप ठोकलं अन् बायांना घेऊन तिथंच ठाण मांडलं.

खंडेनवमीला साहेब गोड गोड बोलत आला. "मावशी, वर्षाची पूजा कशाला चुकवता? उघडा, पूजा करा."

आग लागो त्या गोड बोलण्याला! साच्यांची दुरुस्ती बघणारा जॉबर बजरंग म्हणाला, "माय, कुलूप काढू नकं. मला ह्याचं लक्षण ठीक दिसत न्हाई."

"गप रे! साचे बिनपूजेचे ठेवू व्हय?"

फाटक उघडलं. बायांनी साच्यांवरची जाळी झटकली, तेल दिलं, रूळ लखलखीत पुसले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. साहेब फोटो काढत होता. त्याला नमस्कार करून, त्याच्या भरवशावर बाया दसऱ्याला घरी गेल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांसकट ट्रेलर दारात. साहेबानं फोटो पुढं धरले. "कामगारांनीच फाटक उघडलं, साचे साफ करून दिले. विरोध कुठाय?"

विजयमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमी पुजले रे मुडद्या, इकले न्हाईत! देवाला मधी घालून आमचा गळा कापलास?" बाकीच्या बायांकडं बघायची तिला लाज वाटली. कुलूप तिनंच काढलं होतं ना!

पहिला साचा ट्रेलरवर चढला. तिनं पदर खोचला, चाकावर पाय देऊन वर गेली अन् साच्याला पाठ लावून बसली.

"मावशी, उतरा. माल विकला गेलाय."

"आधी आमचा पगार मांड. मंग लोखंड ने."

पोलीसबाई तिचा हात धरायला पुढं झाली, तशी मागनं एकेक बाई ट्रेलरवर चढायला लागली.