इंजिन खोलणारा मिस्त्री

उद्यमनगरातल्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गडहिंग्लजहून येताना ऑईलचा लाल दिवा लागला तरी मी वडिलांची गाडी थांबवली नाही आणि इंजिन जाम झालं. घरी मात्र मी दोष वडिलांवर ढकलून म्हणालो, "आबांनी ऑईल कधी बघितलंच नाही." त्याची लाज आजही वाटते. गाडी भंगारात द्यायची ठरवूनच वडिलांनी ती मिस्त्रीकडे ओढून नेली.

"आधी खोलून बघू की!" मिस्त्री म्हणाला. काढलेला प्रत्येक भाग तो पोत्यावर ओळीनं मांडी. वडिलांसमोरच ऑईलविना खरवडलेल्या बेअरिंगवर अंगठा फिरवून तो ओरडला, "लाल दिवा दिसत असूनबी दामटलीया! कोण हुतं चालवायला?"

"मी," मी कसंबसं म्हणालो.

"मग पावणं, ह्ये समदं तुमीच धुवायचं."

चार दिवस मी रॉकेलमध्ये एकेक भाग धूत होतो. तो अंगठा फिरवून निम्मे पुन्हा धुवायला परत करी. पाचव्या दिवशी त्यानं नवी बेअरिंग घालून इंजिन जोडलं.

"मारा चावी!"

इंजिन दोनदा खोकलं आणि एका लयीत धडधडू लागलं. मिस्त्रीनं बॉनेटवर थाप मारली, "ऐका की, कसं गातंय!"

वडील माझ्या शेजारी येऊन बसले. "चालव," ते म्हणाले, "घरी न्यायची आहे."