बाईंचं ताट

भाकरीची टोपली समोर आली की बाई ती पालथ्या बोटांनी हळूच पलीकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "भाकर नको. नुसतंच द्या."

नुसतंच म्हणजे नुसतं मटण. भाकर नाही, भात नाही, कांद्याची फोडसुद्धा नाही. देशस्थ घरातली, चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची शिक्षिका आमच्या पालमच्या घरात पाटावर बसून हे मागते, हे पाहून माझ्या सासूबाई पहिल्या दिवशी भाकरी थापायच्याच थांबल्या होत्या. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही थांबला असता.

आम्ही दोघी एकाच शाळेत. त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. शाळेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन त्या आईला घेऊन राहत. आमचं घर शेतकऱ्याचं, आठवड्यातून एकदा मटण शिजणारं. बाईंनी एका सुट्टीत मला बाजूला घेतलं आणि अगदी वर्गात बोलावं तशा आवाजात विचारलं, "तुमच्याकडे मटण करता तेव्हा माझ्यासाठी थोडं वेगळं काढाल का? मसाला न घालता, नुसतं मिठात."

मला वाटलं, डॉक्टरनं सांगितलं असेल. तसं नव्हतं. डॉक्टरनं तर काहीच सांगितलं नव्हतं.

बाईंच्या आजोळी विसरायचा रोग होता. आजोबा पन्नाशीनंतर स्वतःच्या घरात बसून "मला घरी सोडा" म्हणायला लागले. मामा वकील होते, ते एक दिवस कोर्टात उभे राहिले आणि आपण कुणाच्या बाजूनं आलोय तेच त्यांना सांगता येईना. मग थोरली मावशी. मग आई, पन्नाशी ओलांडली तोच. आईनं आधी आमटीत दोनदा मीठ घातलं, नंतर चूल पेटवायची विसरली आणि एक दिवस बाई शाळेतून आल्या तर तिनं दारातच विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?"

बाई आईला घेऊन परभणीहून रेल्वेनं हैदराबादला गेल्या. तिथल्या मोठ्या डॉक्टरनं सांगितलं की ह्याला अल्झायमर म्हणतात, काही घराण्यांत ते रक्तातून उतरतं, आणि औषध नाही.

"मला होईल?" बाईंनी विचारलं.

"होईलच असं नाही. होणार नाही असंही नाही."

हैदराबादला बाईंची मधली मावशी राहायची. ती सत्तरीला टेकलेली, पण सगळ्या नातवंडांचे वाढदिवस तिला तोंडपाठ. तरुणपणी तिला संग्रहणी झाली होती. धान्य पोटात ठरेना. तेव्हा एका हकीमसाहेबांनी तिचं धान्य कायमचं बंद केलं आणि मटण, पायाचं सूप, अंडी, तूप, दही एवढ्यावर ठेवलं. नवरा निजामाच्या नोकरीतला, मोकळ्या मनाचा; त्यानं माहेराला कळू न देता सगळं पुरवलं. भावंडांत शुद्धीवर राहिली ती एकटी हीच.

बाई परत डॉक्टरकडे गेल्या आणि हे सांगितलं. डॉक्टर हसले. म्हणाले, "एका माणसावरून काही ठरत नाही."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण तुमच्याकडे तेवढंही नाही."

हे सगळं त्यांनी मला पहिल्या जेवणाच्या वेळी सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी एक बोटी तोंडात घातली, डोळे मिटले, आणि उठून मोरीकडे गेल्या. पोटातलं सगळं पडलं. तोंड धुऊन परत आल्या, पाटावर बसल्या आणि दुसरी बोटी उचलली. माझे सासरे ओसरीवरून बघत होते. ते म्हणाले, "पोरी, जबरदस्ती कोन करायलंय का तुला?" बाई म्हणाल्या, "मीच करायलेय."

वर्षभरात चित्र पालटलं. मी येसराचा मसाला घालायच्या आधी त्यांचा वाटा काढून ठेवायची आणि त्या तो निवांत बसून खायच्या; बाकीचे दिवस दही, तूप आणि अंगणात पत्र्याखाली उकडलेली अंडी. पुढं पुढं तर त्या परीक्षा घ्यायला लागल्या. "आज जरा चिवट आहे," म्हणायच्या, किंवा "हे पुढच्या पायाचं दिसत नाही." आमचे मालक हसायचे. "बाई, आता तुमाला खाटकापेक्षा जास्त कळायलंय. पुढच्या टायमाला तुमीच चला माझ्यासंगं."

पण त्यांचं ब्राह्मणपणही कुठं गेलं नव्हतं. एकादशीला त्या मटणाला शिवत नसत. साबुदाणा तर चालायचा नाही. मग दिवसभर दह्यावर. होळीला आईसाठी पुरणपोळ्या करायच्या, तव्यावरची पोळी नाकाजवळ धरून मोठा श्वास घ्यायच्या आणि आईच्या ताटात वाढायच्या. मी एकदा बघत उभी होते. म्हणाल्या, "वासाला बंदी नाही." आमच्याकडून जेवून गेल्या की अंघोळ, साडी बदलणं, मगच आईच्या स्वयंपाकाला हात. घरात मांसाचा तुकडा कधी गेला नाही.

दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की त्या मला म्हणायच्या, "विचारा काहीतरी." मी विचारायची. मागच्या शनिवारी कुणी कुठली साडी नेसली होती, सहावीत खिडकीजवळ कोण बसतं. त्या सगळं बरोबर सांगायच्या. एकदा मात्र बाजारात छत्री विसरून आल्या आणि तशाच तडक मला सांगायला आल्या.

"अहो, मी रोज काहीतरी विसरते," मी म्हणाले.

"तुमचं विसरणं वेगळं," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात कुणाला झालेलं नाही."

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. बंद पुकारला की दुकानं बंद, एसटी बंद, खाटीकही बंद. एकदा तर गावानं बौद्धवाड्याशी व्यवहारच तोडला. कोंबड्या मात्र तिकडंच. बाई पिशवी घेऊन भरदिवसा तिकडं गेल्या आणि अंडी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी खोलीत बोलावलं. म्हणाले, "बाई, गाव विचारायलंय, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"मला अंडी पाहिजे होती, सर," बाई म्हणाल्या.

पण बंद उठला, बाजार उघडला, तरी अंडी त्या तिथूनच आणत राहिल्या. पहिल्यांदा दारातून आणायच्या, नंतर आत बसून चहा घेऊन यायच्या. त्या घरातल्या दोन मुली त्यांच्या वर्गात होत्या. गणितात कच्च्या होत्या, त्यांना तिथंच ओट्यावर बसून शिकवायच्या.

एकदा बाईंना ताप आला. मीच डब्यात मटण घेऊन गेले. घरात न्यायचं नाही म्हणून त्या अंगणात पत्र्याखाली बसून खायला लागल्या. तेवढ्यात काकू, म्हणजे त्यांची आई, भिंत धरत बाहेर आल्या आणि समोर येऊन बसल्या. जन्मभर सोवळ्यात स्वयंपाक केलेली बाई. ताटाकडे बघून म्हणाल्या, "मला दे की थोडं. छान वास यायलाय."

बाईंनी ताट मागं ओढलं. "आई, हे तू खात नाहीस."

"कोण म्हणतं?"

"तूच म्हणतेस."

काकू लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. मला बघवेना. मी म्हणाले, "द्या की एक घास. त्यांना कुठं आठवतंय?"

"तिला आठवत नाही," बाई म्हणाल्या. "मला आठवतंय ना."

त्यांनी ताट माझ्याकडे दिलं, तापातच हातपाय धुतले, आत जाऊन शिरा केला आणि आईला भरवला. मी बाहेर ताट धरून उभी. नंतर मी विचारलं, "तुमचा ह्यावर एवढा भरवसा आहे, तर आईला का देत नाही?" त्या म्हणाल्या, "तिला कळत होतं तेव्हा विचारलं होतं. म्हणाली, तुला काय करायचं ते कर, माझं ताट बाटवू नको."

बाईंना एक धाकटा भाऊ होता, परभणीला कचेरीत. त्याला एसटीत कुणीतरी सांगितलं की तुमची बहीण मराठ्याच्या घरी मटण खाते. तो पालमला आला, अंगणातच उभा राहिला आणि म्हणाला की ह्यापुढं माझ्या घराची पायरी चढू नकोस. आईला घेऊन जातो, असं मात्र काही म्हणाला नाही.

काकू गेल्या तेव्हा तेरा दिवस परभणीला झाले. मी दहाव्याला गेले होते. बाई मागच्या अंगणात एका पोत्यावर बसून होत्या. भावजयीनं त्यांना स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं. भाऊ समोरून गेला तसं त्यांनी त्याला थांबवलं.

"तूही खायला लाग," त्या म्हणाल्या. "तुझीही वर्षं भरत आलीत. मी शिजवून देईन, कुणाला कळणार नाही."

"ताई, विसरलो तरी चालेल," तो म्हणाला. "बाटणार नाही."

बाईंनी मान हलवली. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

आईला झालं ते वय आलं आणि गेलं. बाईंचे पाढे, तारखा, मुलांची नावं जागच्या जागी. आमचे मालक म्हणायचे, "जिंकलात की बाई." त्या म्हणायच्या, "अजून दिवस जायचेत." शनिवारी विचारायला लावणं काही सुटलं नाही.

आणि एका दुपारी त्यांची भावजय एसटीनं पालमला आली. आम्ही दोघी शाळेतून निघत होतो. ती फाटकाशी उभी होती, पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. म्हणाली, "ह्यांना कचेरीतून घरी यायचा रस्ता सापडेना झालाय."

बाईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आम्हा दोघींना घेऊन घराकडे निघाल्या.

घरी आल्यावर भावजयीनं मुद्द्याला हात घातला. "ताई, मला शिकवा. मी मटण करते. माझ्या हातानं करते, लागेल ते करते. त्यांना आता काय खायलेत ते कळत नाही. डाळीत घालून देईन."

मला वाटलं होतं, बाई लगेच उठतील. एवढ्या वर्षांत कुणीतरी त्यांचं मानत होतं. त्या म्हणाल्या, "तो शुद्धीत होता तेव्हा नाही म्हणाला होता."

"तुम्हाला सांगायला काय जातं?" भावजयीचा आवाज चढला. "भोगायलेय मी. रात्रंदिवस मी. आणि तुम्ही म्हणता, त्याचा शब्द. शब्द घेऊन मी काय करू?"

दोघींचं खरं होतं.

शेवटी बाई म्हणाल्या, "मटण नको, वहिनी. मी येते."

आणि त्या खरंच गेल्या. नोकरी काही वर्षं बाकी असताना राजीनामा दिला, सामान ट्रकमध्ये घातलं आणि परभणीला भावाच्या घरी राहायला गेल्या. ज्या भावजयीनं चुलीजवळ येऊ दिलं नव्हतं, तिनंच मागच्या अंगणात पत्र्याचा आडोसा करून त्यांना स्टोव्ह मांडून दिला. मी भेटायला जायची तेव्हा बाई भावाला अंघोळ घालत असायच्या, नाहीतर हात धरून वसमत रस्त्यानं फिरवून आणत असायच्या. तो त्यांना कधी ताई म्हणायचा, कधी आई. त्याचं वरणभात कालवून भरवून झालं की मग त्या आडोशाला जाऊन आपलं ताट घ्यायच्या.

"दोन चुली, एक घर," मी एकदा म्हणाले.

"चाललंय की," त्या म्हणाल्या.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी नळाला पाणी आलं आणि बाई उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. शेजारचे म्हणाले, इतकं मटण खाल्ल्यावर दुसरं काय होणार. आमचे मालक म्हणाले, "न्हाई, भावालाच उचलून उचलून कंबर मोडली होती त्यांची." मला डॉक्टरी कळत नाही. त्यांच्या नशिबात विसरणं नव्हतंच, की मटणानं ते थोपवलं, की यायच्या आधीच त्या गेल्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आदल्या आठवड्यात मी गेले होते तेव्हा त्यांनी माझ्या मुलीच्या बाळाची बरोबर नाव घेऊन चौकशी केली होती. एवढं मला माहीत आहे.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी पुन्हा परभणीला गेले. भाऊ ओट्यावर बसले होते, स्वच्छ सदरा, केस विंचरलेले. भावजय शेजारी तांदूळ निवडत होती. मी चप्पल काढली तसं त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "ताई कुठं गेली?"

भावजयीनं मान वर केली नाही. "शाळेत गेल्यात," ती म्हणाली. बहुतेक रोज तेच म्हणत असावी.

त्यांनी ओट्यावरून वाकून रस्ता पाहिला. मग म्हणाले, "आज रविवार आहे."

खरंच रविवार होता. भावजयीचे हात सुपात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"पेपर तपासायला बोलावलंय त्यांना," मी म्हणाले.

"असं," ते म्हणाले. "मग उशीर होईल तिला. आपण जेवायला थांबू."