मागून येणारी पावलं

बिरुदेव बंडगर कुणाच्याही पुढे चालत नाही. सोलापूरच्या रेल्वे कार्यालयात त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांना हे आता पाठ झालं आहे. जिन्यावर तो बाजूला सरकतो आणि इतरांना वर जाऊ देतो. चहाच्या टपरीवर भिंतीला पाठ लावून उभा राहतो. शेजारच्या टेबलावरच्या हारून शेखने आपल्या भावाच्या लग्नात त्याला वरातीच्या अगदी शेवटी गाठलं होतं.

"बिरूभाई, सब लोगां नवरे के सामने नाचते, तुम जनरेटर के पिच्छे कायकू?"

"हितं हवा लागती."

"हवा कुठली, धूर लागता," हारून म्हणाला आणि त्याच्याशेजारी धूर खात चालू लागला. कारण त्याला माहीत होतं.

बिरुदेव मॅरेथॉन धावायचा. ही नोकरीही त्याला खेळाडू म्हणूनच मिळाली. त्याची शेवटची शर्यत अकरा वर्षांपूर्वी झाली, एका आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धेत, पूर्वेकडच्या एका बंदराच्या शहरात. पुरुषांच्या मॅरेथॉनमध्ये त्या वेळी सोलापूर जिल्ह्यातले दोघे होते. दुसरा मल्लेश बिराजदार, अक्कलकोट तालुक्यातला, घरी कन्नड बोलणारा. दोघांनी अनेक वर्षं एकत्र सराव केला होता आणि त्यांची रीत ठरलेली होती. बिरुदेव पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, वेग धरून ठेवायचा. मल्लेश त्याच्या मागे दम राखून धावायचा आणि शेवटच्या टप्प्यात पुढे निघायचा. पदक मिळालंच तर ते मल्लेशला मिळणार, हे बिरुदेवला मान्य होतं.

मागे वळून पाहायचं नाही, हा नियम मात्र बिरुदेवचा एकट्याचा. तो मेंढपाळाच्या घरातला. मोडनिंबजवळच्या वस्तीवरून दिवाळीनंतर त्यांचा कळप चाऱ्यासाठी बाहेर पडायचा. बिरुदेवला लहानपणीच कळपापुढे चालायला लावलं होतं. आई, मुक्ताबाई, बजावायची, "म्होरल्यानं वळून बघायचं न्हाय. तू थबकलास की मेंढरं थबकत्यात, आन् थबकली की पांगत्यात." मग तो कान मागे ठेवून चालायला शिकला. खुरांच्या आवाजावरून कळप किती लांब आहे हे त्याला कळायचं. मल्लेशच्या बाबतीतही त्याने तेच केलं. मल्लेशचा डावा पाय जमिनीला किंचित घासायचा. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडून मोडलेला घोटा नीट बसला नव्हता. एक पाऊल पडायचं, दुसरं फरफटायचं. हा आवाज मागे असला की बिरुदेव निश्चिंत असायचा.

शर्यत पहाटे सुरू झाली तरी हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पुढचे धावपटू गळायला लागले. मागे पावलं होती. बिरुदेवने वेग वाढवला. पावलांनीही वाढवला. त्याला बरं वाटलं. शेवटच्या सरळ रस्त्यावर आता मल्लेश बाजूने निघेल म्हणून त्याने डावीकडे जागा करून दिली. बाजूने एक उंच, परक्या देशाचा धावपटू निघाला. रेषा ओलांडल्यावर त्याने बिरुदेवचा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. इतका वेळ वेग लावून दिल्याबद्दल तो आभार मानत होता.

मल्लेश कितीतरी मागे, रस्त्याकडेच्या कठड्याला टेकून कोसळला होता. उष्माघात. तिथल्या लोकांनी त्याला लगेच बर्फात ठेवलं, इस्पितळात नेलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

"ती पावलं साफ पडत हुती," बिरुदेव सांगतो. "घासत नव्हती. कानाला ऐकू येत हुतं की. पर मी म्हनलं, आज पाय चांगला चाललाय त्याचा."

परत आल्यावर त्याने आईला सगळं सांगितलं. मुक्ताबाईने आधी त्याला भाकर वाढली. मग म्हणाली, "आरं, कळपाच्या मागं तुझा बा असायचा. काठी घेऊन, शेवटच्या मेंढराच्या मागं. म्हनून तुला म्हनायची, बघू नगंस." थोड्या वेळाने तिने विचारलं, "तितं तुमच्या मागं कोन हुतं?"

त्यानंतर बिरुदेव धावला तो एकटा, आणि चालला तो सगळ्यांच्या मागे.

मागच्या हिवाळ्यात मल्लेशचे वडील गुरुशांत त्याच्या घरी आले. मल्लेशची धाकटी बहीण अंकिता सोलापुरात मावशीकडे राहून कॉलेज करते आणि लांब पल्ल्याचं धावते. राज्याच्या निवड चाचणीसाठी तिला वेग लावून देणारा कुणीतरी हवा होता.

"तू म्होरं पळ," गुरुशांत म्हणाले. "पोरगी मागं राहील."

"मी मागनं पळतो, अप्पा."

"मागनं पळणारे ढीग मिळतेत. ट्रकवालेबी पळतेत हॉर्न मारत. वेग लावणारा पाहिजे."

"दुसरं कुनी बघा. तुमच्या घरात आता एकच लेकरू हाय."

"म्हणून तर तुझ्याकडं आलो," गुरुशांत म्हणाले. त्यांनी चहा संपवला आणि निघून गेले. उत्तरासाठी थांबले नाहीत.

आठवड्याने अंकिताच आली. दारात उभी राहून म्हणाली, "बिरुअण्णा, अप्पा म्हणतात तुम्ही मला घाबरता."

"तुला कशाला घाबरू?"

"मग चला की."

अक्कलकोट रस्त्यावर त्यांचा सराव सुरू झाला. बिरुदेवने एकच अट घातली होती. दमली तर हाक मारायची. अंकिता हसून हो म्हणाली. तिची पावलं हलकी आणि एकसारखी पडायची. पहिले काही दिवस तो सारखा मान वळवायचा आणि दर वेळी वेग मोडायचा. ती वैतागली. "अण्णा, तुम्ही बघत राहिलात तर मी निवडीत कशी बसणार? माझे पाय ऐकू येत नाहीत का?" तिचं बरोबर होतं. हळूहळू त्याने वळणं सोडलं. कान परत मागे गेले.

मार्चमध्ये ऊन लवकर चढायला लागलं. त्या शनिवारी त्यांनी लांबचा पल्ला घेतला. परतीच्या वाटेवर वळसंग गाव मागे पडलं तेव्हा सूर्य चांगलाच वर आला होता. मागे पावलं होती. बिरुदेवने वेग वाढवला, पावलांनीही वाढवला. रस्ता मोकळा होता. बराच वेळ तो तसाच धावत राहिला. आपल्याला इतकं बरं का वाटतंय, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. मागचं एक पाऊल घासत होतं.

तो वळला.

मागे कुणीच नव्हतं. रस्ता सरळ होता, झाडसुद्धा नव्हतं. फार लांब, एका मोरीच्या कठड्याजवळ, अंकिताचा निळा शर्ट जमिनीवर दिसत होता.

तो माघारी धावला. अंकिता कुशीवर पडली होती, ओठ कोरडे, डोळे अर्धे उघडे. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. त्याने तिला मोरीच्या सावलीत ओढलं, जवळच्या वस्तीवरून पाण्याची कळशी आणून अंगावर ओतली, आणि दुधाचे कॅन नेणारा एक टेम्पो अडवून तिला इस्पितळात पोहोचवलं. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

संध्याकाळी ती उठून बसली. "अण्णा, मला हाक मारायची होती. आवाजच निघाला नाही."

"असू दे."

"मग तुम्ही वळलात कसं?"

"सरबत पी," बिरुदेव म्हणाला.

गुरुशांत तिथेच होते. ते त्याच्यामागोमाग व्हरांड्यात आले. बिरुदेवने त्यांना बाजूला नेऊन जे ऐकलं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "डावा घासत होता?"

"व्हय."

त्यांनी मान हलवली आणि परत आत जाऊन लेकीच्या पायांशी बसले.

निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सराव पुन्हा सुरू झाला, आता सूर्य उगवायच्या आत संपणारा. बिरुदेव पुढे धावतो आणि वळून पाहत नाही. त्याच्या मागे अंकिता. तिच्या मागे गुरुशांत जुन्या मोटरसायकलवर, हँडलला पाण्याच्या बाटल्या अडकवून. मुक्ताबाईला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता बराबर हाय."

गुरुशांत गाडी लेकीच्या अगदी जवळ आणत नाहीत. एका माणसाला धावता येईल एवढं अंतर सोडतात. परवा पाणी हवं होतं तेव्हा अंकिता ओरडली, "अप्पा, जवळ या की, एवढे लांब का राहता?"

त्यांनी बाटली तिच्या हातात दिली, गाडीचा वेग कमी केला आणि पुन्हा तेवढंच अंतर मागे राहिले.